‘हुशार आहे, पण लिहीत नाही’: शाळेशी बोलायचं कसं?

अ_आ_आई

पुढच्या गुरुवारी शाळेत बैठक आहे. वर्गशिक्षिका, मुख्याध्यापिका, समुपदेशक आणि मी. मागच्या बैठकीत मला रडू आलं आणि निम्मा वेळ मला पाणी देण्यात गेला. यावेळी तयारीनं जायचंय, म्हणून हा धागा. लांबण लागणार आहे, आधीच सांगते.

मुलगा १० वर्षांचा, पाचवीत. वाचायला चौथ्या वर्षी आपला आपणच शिकला. ऋण संख्या त्याला कुणी शिकवल्या नाहीत, तळघराचा जिना उतरताना पायऱ्या मोजतामोजता सापडल्या. आणि हाच मुलगा फळ्यावरचा अर्ध्या पानाचा उतारा उतरवायला पाऊण तास लावतो. पेन्सिल इतकी दाबून धरतो की बोटांची पेरं पांढरी पडतात. खोडरबरानं पान फाटतं, मग फाटलेलं पान लपवतो, मग वही अपूर्ण, मग शेरा.

परवाच्या विज्ञानाच्या पेपरात जादाचा प्रश्न होता: चंद्राची एकच बाजू आपल्याला का दिसते? आदल्या रात्री याच प्रश्नावर त्यानं मला टेबलाभोवती चालायला लावलं होतं. मध्ये दिवा, माझं तोंड सतत दिव्याकडे. एक फेरी पुरी झाल्यावर म्हणाला, “बघ, तू दिव्याभोवती एकदा फिरलीस आणि तेवढ्यात स्वतःभोवतीही एकदाच फिरलीस. चंद्राला दोन्हीला सारखेच दिवस लागतात, सत्तावीस आणि वर थोडे तास.” पेपरात त्यानं लिहिलं: ‘तो तसा फिरतो.’ पाचांपैकी अर्धा मार्क. का रे असं, विचारलं तर म्हणाला, “परिभ्रमण लिहायला लागलं असतं. भ्र कसा काढायचा ते आठवेना.”

तेव्हा मी त्याच्या सगळ्या वह्या घेऊन बसले. जिथे जोडाक्षर येणार तिथे हा वाटच बदलतो. ‘प्रचंड’ऐवजी ‘खूप मोठं’, ‘आश्चर्य’ऐवजी ‘नवल’, ‘स्पष्ट’ऐवजी काहीच नाही, वाक्यच सोडून दिलेलं. बोलताना हेच शब्द पाण्यासारखे वापरतो.

तपासणी करून घेतली. एकीकडे डिस्ग्राफिया, म्हणजे हातानं लिहिण्यातली अडचण, आणि दुसरीकडे असामान्य बुद्धिमत्ता, असा अहवाल आहे. आकडे: भाषिक आकलन १३८, तर्क १३४, दृश्य-अवकाशीय १२६, कार्यकारी स्मृती ९७, प्रक्रियेचा वेग ८०. एकूण १२३.

शाळेनं फक्त शेवटचा आकडा वाचला. “१२३ म्हणजे छानच की! मार्कही वर्गाच्या सरासरीइतके आहेत. मग अडचण कुठे आहे? थोडा आळशी आहे, इतकंच.” वर हेही: वह्या पूर्ण होईपर्यंत त्याला गणित मंडळातून काढलंय. आठवड्यातला तो एकच तास होता ज्यासाठी तो सकाळी स्वतःहून उठायचा.

काय मागू? कसं मागू? आणि ‘आमचा मुलगा स्पेशल आहे’ म्हणणारी आई न ठरता कसं मागू?

खडूफळा

शिक्षिका आहे, वीस वर्षं झाली. टेबलाच्या त्या बाजूनं सांगते, राग मानू नका.

‘माझा मुलगा फार हुशार आहे’ हे वाक्य बैठकीत पहिल्या दहा मिनिटांत उच्चारू नका. खरं असलं तरी. आम्ही ते वाक्य रोज ऐकतो आणि ते कानावर पडलं की आमचं दार आपोआप लोटलं जातं. त्याऐवजी तुम्ही वर लिहिलंय तेच टेबलावर ठेवा. एका बाजूला विज्ञानाचा पेपर. दुसऱ्या बाजूला तेच उत्तर त्याच्या तोंडून रेकॉर्ड केलेलं, दोन मिनिटांचं. काही बोलू नका. ऐकू द्या. आपण अर्धा मार्क दिलाय आणि समोर हे उत्तर आहे, हे ज्या बाईंनी दिलाय त्यांना आपणहून दिसलं पाहिजे.

वर्गशिक्षिका शत्रू नाहीत. त्यांना एका तासात सगळा वर्ग सांभाळायचाय, तुमच्या मागणीनं त्यांचं काम किती वाढेल याचा हिशेब त्या मनात करतच असणार. तो हिशेब तुम्हीच करून न्या.

कोनमापक

मी अशा चाचण्या घेते, म्हणून आकड्यांबद्दल लिहिते. चाचणीचं नाव तुम्ही दिलेलं नाही, पण ही पाच नावं वेक्सलरच्या मुलांसाठीच्या बुद्धिमापन चाचणीच्या पाचव्या आवृत्तीतली आहेत, २०१४ ची.

सरासरी १०० धरलेली असते आणि १५ गुणांची एक पायरी. १३८ म्हणजे त्याच्या वयाच्या शंभरातली नव्व्याण्णव मुलं मागे. ८० म्हणजे शंभरातली फक्त नऊ मागे. दोन्ही आकडे एकाच मुलाचे, मध्ये ५८ गुणांचं अंतर. एवढी दरी असली की एकूण आकड्याला फारसा अर्थ उरत नाही. एक पाय उकळत्या पाण्यात, एक बर्फात, आणि आपण म्हणायचं की सरासरी तापमान छान आहे.

अहवालात ‘सर्वसाधारण क्षमता निर्देशांक’ आहे का पाहा. त्यात कार्यकारी स्मृती आणि वेग बाजूला ठेवून विचारक्षमता मोजतात. नसेल तर ज्यांनी चाचणी घेतली त्यांना काढून द्यायला सांगा. नव्यानं चाचणी लागत नाही, हाताशी असलेल्या गुणांवरूनच निघतो. आणि त्यांच्याकडून एक पानाचं पत्र घ्या, शाळेसाठी, साध्या भाषेत. वीस पानी अहवाल कुणी वाचत नाही. (आम्हीच लिहितो, आम्हालाच माहीत आहे.)

तुमच्या मुलासारख्यांना ‘ट्वाइस एक्सेप्शनल’ म्हणतात. मराठीत कुणी ‘द्वि-अपवादात्मक’ करतात, मला ते रसायनशास्त्रातलं संयुग वाटतं, असो. यात तीन तऱ्हा दिसतात. काहींची हुशारी दिसते, अडचण झाकली जाते आणि ती मुलं ‘आळशी’ ठरतात. काहींची अडचण दिसते, हुशारी झाकली जाते आणि ती ‘कच्ची’ ठरतात. तिसरी तऱ्हा सर्वांत फसवी: दोन्ही एकमेकींना झाकतात आणि मूल मधोमध, बेताचं दिसतं. कुणाचंच लक्ष जात नाही. ‘प्रचंड’ऐवजी ‘खूप मोठं’ लिहिणारा मुलगा नेमकं तेच करतोय. अडचण लपवायला बुद्धी वापरतोय आणि त्यात बुद्धीही लपतेय. बैठकीत आणखी काही दाखवलं नाहीत तरी ती शब्दांची यादी दाखवाच.

निमूट

सगळं वाचलं. उद्धट वाटेल, पण विचारतो. आजकाल प्रत्येक घरात एक प्रतिभावंत आणि प्रत्येकाला एक डिस-काहीतरी. आमच्या वेळी नव्हतं हे. अक्षर खराब असेल तर रोज दहा ओळी गिरवायचो, सुधारायचं. सवलती देऊन मुलांना पांगळं करतो आहोत का आपण?

कोनमापक

निमूट, ‘आमच्या वेळी’ म्हणजे नेमकं कधी? १८९६ सालच्या नोव्हेंबरात प्रिंगल मॉर्गन नावाच्या इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एका १४ वर्षांच्या मुलाबद्दल लिहिलं. मुलगा तल्लख, खेळात चपळ, पण वाचता येईना आणि स्वतःचं नाव लिहितानाही अक्षरं चुकायची. त्याला शिकवणाऱ्या मास्तरांचं मत त्या लेखात नोंदलेलं आहे: सगळं शिक्षण तोंडी असतं तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता. ती अडचण वाचनाची होती, ही लिहिण्याची आहे, पण मास्तरांना दिसलं ते तेच. तेव्हाही होतं हे. बहुतेकांना मार बसायचा, म्हणून दिसायचं नाही.

तिसरा_बाक

निमूट, तुमच्या त्या दहा ओळी मी गिरवल्यात. सात वर्षं. रोज.

अक्षर सुधारलं नाही. सुधारली ती युक्ती. लिहायचं कमी कसं करायचं, हे मी इतकं छान शिकलो की नववीत पोचेपर्यंत मला निबंधात काही सुचायचंच बंद झालं. बाईंना वाटायचं कल्पनाशक्ती नाही. खरं तर वाक्य सुचलं की आधी मनात त्यातले ऱ्हस्व-दीर्घ मोजायचो आणि परवडत नसेल तर वाक्य टाकून द्यायचो. आज चाळिशीत दिवसभर टाइप करून पोट भरतो. पण हातात पेन दिलं आणि कुणी खांद्यावरून पाहत असलं, तर अजूनही तळवा ओला होतो.

तुमच्या मुलाच्या वहीचं वाचून थोडा वेळ स्क्रीनपासून उठावं लागलं.

निमूट

हे असं असेल असं वाटलं नव्हतं. वाचतोय.

दुपारची_उन्हं

माझी लेक आता आठवीत. तिला अवधानाचा त्रास आणि भाषेत कमालीची गती. दंगा करत नसल्यानं सहावीपर्यंत कुणाला पत्ताच नाही. बाकाखाली पुस्तक उघडं आणि डोळे फळ्याकडे, ‘शांत, गुणी मुलगी’. तीन शाळाभेटी, दोन भांडणं आणि एक शाळाबदल झाल्यावर जे कळलं ते लिहिते.

तोंडी कबुलीला काडीची किंमत नाही. बैठक संपली की त्याच संध्याकाळी मेल करा. ‘आज वेळ दिल्याबद्दल आभार. मला समजलं ते असं’ म्हणून ठरलेल्या गोष्टी लिहा, कोण करणार आणि कधीपर्यंत तेही, आणि शेवटी ‘काही चुकलं असल्यास कळवावे’. उत्तर आलं नाही तरी नोंद राहते. पुढच्या वर्षी वर्गशिक्षिका बदलतात आणि सगळं पुन्हा शून्यापासून सुरू होतं, तेव्हा हेच कागद कामाला येतात.

दुसरं, ‘जास्त वेळ द्या’ ही मागणी डोळे मिटून करू नका. सगळ्या शाळा तीच आधी देऊ करतात, कारण सोपी आहे. माझ्या मुलीला जास्त वेळ मिळाला म्हणजे भरकटायला जास्त वेळ मिळाला. तुमच्या मुलाचा तर हात दुखतो. त्याला अर्धा तास वाढवून दिलात तर अर्धा तास जास्त दुखेल. त्याला कमी लिहायला हवंय. दहा गणितांऐवजी अवघडातली चार, फळ्यावरचं उतरवण्याऐवजी छापील कागद, आणि लांब उत्तरं तोंडी किंवा टाइप करून.

आणि गणित मंडळाचं. हा मुद्दा मागच्या रांगेत टाकू नका, तोच पहिला घ्या.

खडूफळा

गणित मंडळाबद्दल शंभर टक्के सहमत. खरं सांगायचं तर माझ्या हातूनही हे झालेलं आहे. ‘आधी वही पूर्ण, मग चित्रकला.’ तेव्हा शिस्त वाटायची. आता वाटतं, ज्याला दिसत नाही त्याला आधी फळा वाच, मग चष्मा देते म्हटल्यासारखं होतं ते. या मुलांच्या बाबतीत कमकुवत बाजूची मदत आणि जोमदार बाजूला खाद्य, दोन्ही एकाच वेळी चालू लागतं. एक दुसऱ्याचं बक्षीस करून ठेवलं की मूल दोन्हीकडून उपाशी राहतं.

बैठकीत हे असं म्हणा: “गणित मंडळात लिखाण किती लागतं?” बहुधा फार नाही. मग वहीचा आणि मंडळाचा संबंध काय, हा प्रश्न त्यांचा त्यांनाच पडू दे.

मदत देतानाही एक बघा. लेखन-सरावाला त्याला दुसरीतली पुस्तकं देतील, ‘आई भाजी आण’ छापाची. तो चिडेल आणि आपण म्हणू सहकार्य करत नाही. सराव भ्र, श्च, ष्ट याचाच करायचा, पण शब्द त्याच्या डोक्याला शोभतील असे हवेत. परिभ्रमण, निश्चित, सृष्टी. दिवसाला पाच ओळी, त्यापेक्षा जास्त नाही.

जुनी_वही

+१ सगळ्यांना. एकच भर घालते. टाइप करायची परवानगी मिळवाल आणि दुसऱ्या दिवशी तो की-बोर्डवर एकेक अक्षर शोधत बसेल, पेन्सिलीपेक्षाही हळू. मग शाळा म्हणेल, बघा, उपयोग नाही. आमच्याकडे अगदी हेच झालं. परवानगीच्या आधी दोन-तीन महिने घरी रोज पंधरा मिनिटं सराव हवा. आम्ही इन्स्क्रिप्ट शिकवलं, म्हणजे मराठी टाइप करायची एक कळरचना: स्वर डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. जोडाक्षराला मध्ये हलन्त (पाय मोडायची कळ) दाबायचा, म्हणजे भ, हलन्त, र. ‘भ्र’ चं चित्र आठवायची गरजच नाही, उच्चारातच क्रम येतो. माझ्या मुलाला जोडाक्षर म्हणजे काय हे कळलं तेच मुळी की-बोर्डवर.

लेखनिक घेणार असाल तर त्याचाही सराव लागतो. वाक्य मनात पूर्ण करून मग सांगायचं, थांबायचं, पुन्हा वाचून घ्यायचं, हे मुलांना आपोआप येत नाही.

अ_आ_आई

किती लिहिलंत सगळ्यांनी! मी प्रिंट काढतेय. तिसरा_बाक, तुमचा प्रतिसाद मुलाच्या बाबांना वाचून दाखवला. ते इतके दिवस ‘मीही असाच होतो, होईल नीट’ म्हणायचे. काल रात्री त्यांनी त्यांची जुनी प्रगतिपुस्तकं काढली.

एक प्रश्न. मुलाला विचारलं तर म्हणाला, “सगळ्यांसमोर वेगळं काही नको.” मग मी कुणासाठी भांडतेय?

दुपारची_उन्हं

त्याच्यासाठीच. पण त्याला विचारून मागा. माझ्या लेकीला वर्गात पहिल्या बाकावर बसवलं तेव्हा ती आठ दिवस बोलली नाही माझ्याशी. मग तिनंच सुचवलं, दाराजवळचा तिसरा बाक, तिथून फळाही दिसतो आणि मागे कुणी बघत नाही. तुमच्याही मुलाला पर्याय दाखवा. छापील कागद सगळ्यांनाच दिला तर? तोंडी उत्तर मधल्या सुट्टीत दिलं तर? कोणतं चालेल, कोणतं अजिबात नाही, त्याच्या तोंडून यादी घ्या. त्याच्या अक्षरात नको, तुम्ही लिहा. :)

तिसरा_बाक

त्याला त्याच्या अडचणीचं नावही सांगा. मला ते ३१ व्या वर्षी कळलं. तोवर मला दुसरं नाव माहीत होतं, वर शाळेनं वापरलंय तेच.

खडूफळा

बैठकीत तीनच गोष्टी मागा. आठ मागितल्यात तर त्यातल्या त्यांना सोप्या असलेल्या दोन मिळतील आणि तुमचा हक्काचा वेळ संपेल. आणि ‘कायमचं’ मागू नका, ‘सहा आठवडे करून पाहू’ म्हणा. ‘प्रयोग’ म्हटलं की मुख्याध्यापकांचे खांदे सैल होतात, पाहिलंय मी. सहा आठवड्यांनंतरची तारीख मात्र तिथेच ठरवून उठा.

अ_आ_आई

बैठक झाली. रडले नाही.

रेकॉर्डिंग लावलं तेव्हा पहिलं अर्धं मिनिट वर्गशिक्षिका वहीत काहीतरी लिहीत होत्या. ‘तू दिव्याभोवती एकदा फिरलीस’ आलं तिथे पेन थांबलं. नंतर त्यांनी पेपर पुढे ओढून तो अर्धा मार्क बघितला. मी खडूफळाचं ऐकून गप्प होते, पण ते गप्प बसणं रडण्यापेक्षा कठीण गेलं.

मिळालं ते असं. गणित मंडळ लगेच सुरू. छापील कागद विज्ञान आणि इतिहासाला, सगळ्या वर्गालाच देणार (वर्गशिक्षिकाच म्हणाल्या, बाकीच्यांचाही वेळ वाचेल). लांब उत्तरं टाइप करून, सहा आठवडे, फक्त गृहपाठात. परीक्षेचं नंतर बघू म्हणाल्या. मराठीच्या सरांनी मात्र साफ नकार दिला. आशयाला वेगळे मार्क आणि शुद्धलेखनाला वेगळे एवढंच मागितलं होतं, “मग भाषा कशाला शिकवायची?” म्हणाले. त्यावर माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. घरी येताना जिन्यात सुचलं, नेहमीप्रमाणे. मेल त्याच रात्री पाठवली, अजून उत्तर नाही.

खडूफळा

पहिल्याच खेपेला एवढं म्हणजे पुष्कळ झालं. मराठीच्या सरांना सहा आठवड्यांनी पुन्हा भेटा, तेव्हा त्याचा टाइप केलेला एक निबंध सोबत असू द्या.

निमूट

पुढे काय झालं ते कळवत राहा. माझा पुतण्या असाच आहे असं आता वाटायला लागलंय. भावाशी कसं बोलू ते सुचेना, धागा पाठवून दिला.

अ_आ_आई

चार आठवडे झाले. टायपिंग हळूहळू जमतंय, बोटं अजून चुकतात. एका आठवड्यात दोनदा की-बोर्ड ढकलून दिला, तेही सांगायला हवं. मराठीच्या सरांकडून काही नाही.

कालची गंमत लिहायला आले. विज्ञानाच्या बाईंनी चंद्राचा प्रश्न पुन्हा सोडवायला दिला होता. यानं पाऊण पान टाइप केलं, ‘परिभ्रमण’ पाच वेळा, पाचही वेळा बरोबर. बाईंनी मार्क दिले नाहीत, पण खाली पेननं प्रश्न लिहिला: ‘मग चंद्राची मागची बाजू कायम अंधारात असते का?’

की-बोर्ड माझ्या खोलीत होता, मी फोनवर बोलत होते. त्यानं वाट पाहिली नाही. बाईंच्या प्रश्नाखाली पेन्सिलीनं, वाकड्या अक्षरात लिहून टाकलं: ‘नाही. अमावशेला तिकडेच ऊन असतं.’

आज कागद परत आला. ‘अमावशेला’ला लाल खूण नाही. शेजारी बाईंचा दुसरा प्रश्न आहे आणि तो आत्ता त्यावर डोकं खाजवत बसलाय.